डोकं दुखत नाही ते दिवस

आमच्या घरात कुंदुझच्या प्रत्येक दुखण्याचं खापर एका घोडीवर फुटत असे. नऊ वर्षांची असताना उन्हाळी कुरणावर ती काकाच्या तांबड्या घोडीवरून पडली. मिनिटभर बेशुद्ध होती. मग उठली, कपडे झटकले, दही मागितलं आणि वाडगाभर खाल्लं. घडलं ते एवढंच. पण तेराव्या वर्षी तिचं अर्धं डोकं पहिल्यांदा ठणकलं आणि ती भिंतीला कपाळ टेकून ओकली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, जूमार्तनं, हातातला चहा खाली न ठेवताच निदान केलं. "घोडी! मेंदू तेव्हाच हलला. मी सांगत होतो." पुढे ती सासरहून परत आली, तेव्हाही कारण घोडी. जेवायची बंद झाली, तेव्हाही घोडी. ती घोडी बिचारी मरून पंधरा वर्षं झाली, पण आमच्या संसारात तिच्याइतकं उपयोगी पडलेलं दुसरं कुणी नाही.

कुंदुझ माझी एकुलती मुलगी, आता एकतीस वर्षांची. आमच्या सरोवराकाठच्या बालिक्ची गावातल्या बालवाडीत ती गाणं शिकवायची. छातीवर अकॉर्डियन बांधून सव्वाशे मुलांना ती नववर्षाची, मार्चमधल्या नूरुझ सणाची, निरोपाची गाणी बसवून द्यायची. कुठल्याही मुलाला तिनं कधी बेसूर म्हटलं नाही. "तो बेसूर नाही, त्याला घाई आहे," म्हणायची. घरी आली की पालकांच्या नकला करायची. एक आजोबा रोज येऊन विचारायचे, आमच्या नातीला पुढच्या रांगेत का नाही उभं करत. त्यांचं खाकरणं, टोपी सारखी करणं, सगळं हुबेहूब. जूमार्त हसून हसून आडवा व्हायचा. ही मुलगी हसरी आहे असं आम्ही लोकांना सांगायचो, ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

तोकमोकला तिचं लग्न करून दिलं. तिकडे महिन्यातून चार-पाच दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून राही, उजेड सोसत नसे, भांड्याचा आवाज सोसत नसे. पाहुणे आले की सुनेनं वाकून नमस्कार करायचा, चहा ओतायचा. ही डोळ्यांवर फडकं बांधून पडलेली. तिच्या सासूनं मला फोनवर ऐकवलं, "आम्ही सून मागितली होती, तुम्ही तर पडदा धाडलात. बघावं तेव्हा ओढलेला!" चौदा महिन्यांनी कुंदुझ एक सुटकेस आणि अकॉर्डियन घेऊन परत आली. जूमार्त अंगणात गेला आणि धड असलेलं फाटक संध्याकाळपर्यंत दुरुस्त करत बसला.

परत आल्यावर ती बरी होईल असं मला वाटलं होतं. पण चार दिवसांचे सात झाले, मग दहा.

आमच्या गावात वारा असतो. घाटातून उलान वारा सुटला की सरोवर काळं पडतं, पत्रे वाजतात आणि अर्ध्या गावाची डोकी धरतात. मी भूगोलाची पदवीधर, सव्वीस वर्षं इथल्या हवामान केंद्रावर नोंदी करते. माझ्या दृष्टीनं उत्तर सरळ होतं: वारा. म्हणून मी घरी एक वही केली. एका रकान्यात वारा, दुसऱ्यात कुंदुझचं डोकं. दोन वर्षं एक दिवसही न चुकता लिहिलं. आणि गेल्या शरदात बसून ताळा लावला, तर डोकेदुखीच्या दिवसांपैकी निम्म्याहून कमी दिवस वाऱ्याचे निघाले. सरोवर आरशासारखं असताना ती ओकत होती.

तेव्हा पहिल्यांदा मला आठवू लागलं की डोकं दुखायच्या दोन दिवस आधी ती बोलायची थांबते. आणि दुखणं गेलं तरी ती परत येत नाही. उठते, केस विंचरते, कामावर जाते, पण परत येत नाही. अलीकडे हे मधले दिवसच जास्त झाले होते. त्यांना माझ्या वहीत रकाना नव्हता.

ऑक्टोबरमध्ये मी तिला राजधानीत, बिश्केकला, डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसतो का विचारलं, आणि म्हणाल्या, "ही अर्धशिशी. चांगली जुनी आहे. डोक्याला मार कधी लागला होता?"

"घोडीवरून पडली होती," मी म्हणाले.

"अहो, आपल्याकडे घोड्यावरून पडलं नाही असं कोण आहे? मीही पडलेय." मग पेन बाजूला ठेवून त्यांनी कुंदुझकडे पाहिलं. "झोप कशी आहे? कशात मन लागतं? उगाच रडू येतं? जगू नये असं कधी वाटलंय?"

कुंदुझनं तोंड उघडलं होतं. मी शपथेवर सांगते, तिनं उघडलं होतं. आणि तिच्या आधी मी बोलले. "छे हो! आमची पोर हसरी आहे. बालवाडीत गाणी शिकवते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी उगाच विचारत नाही. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांच्यात खिन्नतेचा आणि भीतीचा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो. उलटही खरं आहे. मन आधी आजारी असेल तर डोकं जास्त वेळा धरतं. एकाला औषध दिलं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, तर दोन्ही तिथेच राहतात. म्हणून विचारते."

"तसलं काही नाही," मी म्हणाले. कुंदुझनं तोंड मिटलं. आम्ही डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर घाटात तिनं एवढंच विचारलं, "अपा," आईला आमच्याकडे अपाच म्हणतात, "तुला मायराम मामा आठवला ना?"

आठवला होता. मायराम माझा थोरला भाऊ, गणिताचा मास्तर. सोव्हिएत काळात एका हिवाळ्यात तो झोपेनासा झाला, स्वतःशी बोलू लागला. आईनं भाबडेपणानं त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. नाव मनोरुग्णांच्या सरकारी यादीत चढलं. महिनाभरात शाळा गेली, मग बायको गेली. पुढे तो लोकांची मेंढरं राखायचा. अकरा वर्षांनी वारला, तेव्हाही लोक "यादीतला मायराम" म्हणत होते. बालवाडीत दर सहा महिन्यांनी मनाच्या डॉक्टरचा शिक्का लागतो. यादीत नाव असलं की मुलांजवळ उभं राहू देत नाहीत. कुंदुझकडे त्या सव्वाशे मुलांखेरीज काय होतं? म्हणून मी खोटं बोलले. ते काम टिकावं म्हणून बोलले, आणि त्याच हिवाळ्यात ते हळूहळू तिच्या हातून सुटत गेलं.

गोळ्यांनी ठणका कमी झाला. मला आनंद झाला. वहीतला रकाना रिकामा राहू लागला, दुखणं आठवड्यात एकदा, मग दहा दिवसांत एकदा. जूमार्त म्हणाला, "बघ, शहरातली गोळी! घोडी उतरली अखेर." पण कुंदुझ ताटात बोर्सोक, पिठाचे तळलेले तुकडे, नुसते इकडून तिकडे सरकवायची. आजोबांची नक्कल बंद झाली. अंघोळीला सांगावं लागे. मी तिच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकायचे, मोठ्या माणसाचा, तान्ह्या बाळाचा ऐकावा तसा.

मार्चच्या सुरुवातीला तिच्या बालवाडीतली वेनेरा घरी आली. ती मला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणते. दारातच घुटमळत म्हणाली, "एजे, रागावू नका हं. कुंदुझनं मला तिचा अकॉर्डियन दिला. उसना नाही, कायमचा. घेऊ का? एवढी महागाची वस्तू. मी म्हटलं, काय गं, दुसरं लग्न करतेस की परदेशी निघालीस? तर नुसती हसली. मला लागणार नाही म्हणाली."

वेनेराला मी चहा विचारला की नाही, आठवत नाही.

मी जूमार्तला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तोंडातून नेहमीचंच निघालं. "बात्मा एजेला बोलाव. डोकं पुन्हा सरकलं असणार."

आणि मी बोलावलं. शिकलेली बाई मी, बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंचा शब्दन् शब्द मला पाठ होता, तरी मी बात्मा एजेलाच बोलावलं. कारण बात्मा एजे यादी ठेवत नाही.

बात्मा एजे पंचाहत्तरीची, आमच्या भागातली हललेले मेंदू बसवणारी. दोरीनं डोकं मोजते. कपाळाच्या मध्यापासून मागपर्यंत, आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या. कमी-जास्त निघालं की मेंदू त्या बाजूला गेला म्हणायचं. मग पिठाच्या चाळणीची कड दातांत धरायला लावायची आणि चाळणीला बाहेरून हाताच्या टाचेनं ठोके द्यायचे, म्हणजे तो जागेवर येतो. शेवटी डोकं फडक्यानं करकचून बांधायचं. कुंदुझनं तेराव्या वर्षापासून ही चाळणी निदान तीस वेळा चावली असेल.

"ये गं, माझी जुनी गिऱ्हाईक!" बात्मा एजे आत येताच म्हणाली. "नवरा मिळाला का दुसरा? नाही? अगं, डोकं वाकडं असलं की नवरे दिसत नाहीत. सरळ करते, मग बघ रांग लागते की नाही!"

कुंदुझ चटईवर बसली. दोरी फिरली. मी कधी नव्हे ती जवळ जाऊन पाहत होते, मोजमाप घेण्यातच माझं आयुष्य गेलंय. उजवीकडे बात्मा एजेचा अंगठा कानाच्या वर होता. डावीकडे कानाला टेकलेला.

"एक बोट फरक," बात्मा एजे म्हणाली.

जूमार्तनं सुटकेचा श्वास सोडला. मीही. खोटं कशाला सांगू, अंगठा सरकलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि तरी मला तो एक बोट फरक हवा होता. एक बोट सरळ करता येतं.

कुंदुझनं चाळणी दातांत धरली. बात्मा एजेनं ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला कुंदुझच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, चेहरा अगदी स्थिर. दात चाळणीवर तसेच. पाणी हनुवटीवरून चाळणीवर टपकत होतं आणि ठोक्यासरशी उडत होतं.

"रडतेयस? दुखतंय का गं?" बात्मा एजेनं विचारलं.

कुंदुझनं मान हलवली. नाही.

"मग बसतंय. बसताना पाणी येतंच." पण म्हाताऱ्या बाईचा हात थांबला होता. तिनं चाळणी काढून घेतली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला पुसली आणि डोक्याला फडकं न बांधताच उठली. चहाला थांबली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

जूमार्त तिला पोचवायला गेला. कुंदुझ चटईवरच होती. मी तिच्यासमोर बसले आणि जे ऑक्टोबरमध्ये विचारू दिलं नव्हतं, ते विचारलं. अकॉर्डियन का दिलास?

तिनं बाहीनं हनुवटी पुसली. मग म्हणाली, "अपा, डोकं दुखतं ते दिवस बरे असतात."

"असं काय बोलतेस?"

"खरंच. तेव्हा नुसतं डोकं दुखतं. तुम्ही हळू बोलता, पडदे ओढता, बाबा पाय न वाजवता चालतात. कुणी मला उठ म्हणत नाही. ज्या दिवशी दुखत नाही, त्या दिवसांची मला भीती वाटते. त्या दिवशी मी बरी आहे असं धरतात सगळे. मला उठायचं असतं, गायचं असतं, आणि आत काहीच नसतं. तुझ्या गोळ्यांनी ते चांगले दिवस गेले." तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "मी दमलेय, अपा. नूरुझ झालं की बस्स असं ठरवलं होतं. मुलांचा कार्यक्रम आधी व्हायला हवा."

नूरुझला नऊ दिवस होते.

मी तिला धरलं. किती घट्ट धरलं असेन ते माहीत नाही, ती म्हणाली, "अपा, लागतंय." मी सोडलं नाही. जूमार्त परत आला तेव्हा आम्ही तशाच होतो.

त्याला मी अंगणात नेऊन सगळं सांगितलं, तिला आजच मनाच्या दवाखान्यात न्यायचं म्हणाले. आधी तो ओरडला. "वेडी झालीस का? वेड्यांच्या दवाखान्यात? तुझ्या भावाचं काय झालं विसरलीस? यादीत नाव गेलं की ती संपली! बालवाडी गेली, लग्न गेलं. घरात ठेवू. मी रजा घेतो, दाराशी बसतो."

"किती दिवस बसाल?"

"मरेपर्यंत बसेन!"

"तुमच्या की तिच्या?"

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. त्यानं हात उगारला, म्हणजे उचलला, आणि तो हात तसाच तोंडावर ठेवून लाकडाच्या ओंडक्यावर बसला. त्याला मी बापाच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं नाक ओढून म्हणाला, "गाडीत पेट्रोल भरून आणतो. उजेड आहे तोवर घाट ओलांडू."

कुंदुझनं विरोध केला नाही. मला विरोध हवा होता. तिनं कोट घातला, सांगितल्याप्रमाणे. रस्ताभर मी तिचा हात धरून मागे बसले होते. जूमार्त मध्येच म्हणायचा, "पोरी, समोसा घेऊ का? इथला चांगला असतो." ती म्हणायची, "नको, बाबा." दहा मिनिटांनी पुन्हा, "चहा तरी?" "नको, बाबा."

घाटापलीकडच्या मनाच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते, दिवसभराच्या कामानं थकलेले. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" आणि सवयीनं मीच सुरू केलं, "तिला लहानपणापासून अर्धशिशी..."

"आई, तुम्ही बाहेर बसा."

मी उठले. दाराशी थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, बिश्केकमध्ये डोक्याच्या डॉक्टरनं तिला विचारलं होतं, जगू नये असं वाटतं का. मी तिला उत्तर देऊ दिलं नाही. तिचं उत्तर हो होतं." कुंदुझ जमिनीकडे पाहत होती. मग तिनं मान वर केली. माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे. दार लावलं गेलं.

बाकावर शेजारी एक माणूस सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. कुणाची वाट बघताय असं त्यानं विचारलं नाही, मीही नाही. पाऊण तास आतून काही ऐकू आलं नाही. तो पाऊण तास माझी मुलगी बोलत होती, आणि मला वाटत होतं, एवढं सगळं ती कुठे ठेवत होती? आमचं घर तर दोनच खोल्यांचं आहे.

डॉक्टर बाहेर आले. "तिला इथे राहावं लागेल. बरं झालं आणलंत. चार दिवस उशीर केला असतात तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

"आणि यादी?" जूमार्तनं विचारलं. टोपी हातात धरून, साहेबासमोर उभं राहावं तसा.

"नाव लिहावं लागेल. बालवाडीचं काम निदान आता तरी जाईल. पुढचं मी आज सांगू शकत नाही. अर्धशिशीवर आणि मनावर दोन्हींवर एकदम औषध सुरू करतोय. लागू पडायला आठवडे लागतात. एक औषध नाही पटलं तर दुसरं. खोटा धीर देत नाही तुम्हाला."

खोटा दिला असता तरी मी घेतला असता.

याला आज बावीस दिवस झाले. बालवाडीतून पत्र आलं, दोन ओळींचं. नूरुझच्या कार्यक्रमात वेनेरानं वाजवलं. गावात बातमी कशी फिरते ते सांगायला नको. काल दुकानात एक बाई मला पाहून दुसरीला कोपरानं ढोसत होती. बात्मा एजे मात्र फाटकाशी आली, मला एक ताजा पाव दिला आणि गेली.

संध्याकाळी पाच ते साडेपाच फोन करू देतात. पहिले दहा दिवस कुंदुझ माझ्याशी बोललीच नाही. जूमार्त फोन घेऊन परिचारिकेला एकच प्रश्न विचारायचा, "जेवली का?" अकराव्या दिवशी तिनं बापाशी बोलणं सुरू केलं. घरच्या मेंढ्यांबद्दल. माझ्याशी नाही.

आज तिनं मला फोनवर मागितलं.

"अपा, आज डोकं दुखत नाहीये."

पूर्वी मी लगेच म्हटलं असतं, वा, बरं झालं. जीभ तिथपर्यंत आली होती. मी म्हणाले, "मग आज जास्त कठीण जातंय का?"

फोन कटला असं वाटून मी पाहिलंसुद्धा. मग ती म्हणाली, "हो. इथे एक बाई आहेत, त्या शेजारी बसल्यात. मी त्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंस?"

"ते त्यांना सांगितलंय, अपा. तुला नाही."

मी बरं म्हणाले.

"जाड मोजे पाठव. फरशी थंड आहे. आणि रविवारी येऊ नकोस. बाबांना पाठव. मला अजून तुझ्यावर राग आहे."

मी मोजे काढून ठेवलेत. दोन जोड, राखाडी. रविवारी जूमार्त ते आत नेऊन देईल. मी आवाराबाहेर गाडीत बसून राहीन, काच खाली करून, तो बाहेर येऊन काय सांगतो ते ऐकायला.